हवेहून चौपट जड गॅस ओझोनपर्यंत कसा पोचला

सीएफसी म्हणजे क्लोरोफ्लुओरोकार्बन, एकेकाळी फ्रिज आणि स्प्रेमध्ये सर्रास वापरले जाणारे गॅस. त्यातल्या सीएफसी-१२ चा रेणू हवेतल्या सरासरी रेणूच्या चौपट जड असतो. सीएफसी-११ चा तर जवळपास पावणेपाच पट. असे जड गॅस जमिनीलगत पडून राहायचे सोडून वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवरच्या ओझोनपर्यंत गेलेच कसे? ओझोनचा विषय निघाला की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि तो विचारायलाच हवा. काही जण मात्र उत्तराची वाट न पाहता, सीएफसीमुळे ओझोनचा थर विरळ झाला ही सगळी गोष्टच थोतांड ठरवून मोकळे होतात. म्हणून सुरुवात इथूनच करू.

बंद बरणीतल्या अगदी निश्चल हवेत जड गॅस सोडला, तर सुरुवातीला तो तळाशी साचतो. वातावरण मात्र क्षणभरही निश्चल नसतं. तापलेली हवा वर उठते, वादळं तिला घुसळतात, वारे तिला एका गोलार्धातून दुसऱ्या गोलार्धात नेतात. या घुसळणीपुढे रेणूच्या वजनाचं काही चालत नाही. कार्बन डायऑक्साइडही हवेच्या दीडपट जड आहे, तरी तो जमिनीवर सतरंजीसारखा पसरून राहत नाही. राहिला असता तर आपण श्वास घेऊ शकलो नसतो. शिवाय हे नुसतं तर्काने ठरवलेलं नाही. १९७५ साली उंच जाणाऱ्या फुग्यांच्या मदतीने स्थितांबरातली, म्हणजे साधारण दहा-पंधरा किलोमीटरच्या वरची हवा तपासली गेली आणि तिच्यात सीएफसी सापडले.

म्हणजे वर जाण्यात विशेष काही नाही. विशेष आहे ते वर जाईपर्यंत टिकून राहण्यात. आपण हवेत सोडतो ते बहुतेक वायू फार काळ तग धरत नाहीत. काही पावसात विरघळून खाली येतात. काहींना हवेतले हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय क्रियाशील रेणू तोडून टाकतात. काही नुसत्या उन्हानेच फुटतात. सीएफसीवर यातलं काहीच लागू पडत नाही. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, हायड्रॉक्सिलला दाद देत नाहीत, आणि जमिनीपर्यंत पोचणारं ऊन त्यांच्यातून आरपार जातं. सीएफसी-११ चं वातावरणातलं सरासरी आयुष्य पन्नासेक वर्षं आहे, सीएफसी-१२ चं सुमारे शंभर.

इतका चिवट पदार्थ कुणी आणि का बनवला? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड भरलेलं असे. तिन्ही विषारी. रात्री गळती झाली तर झोपलेली माणसं दगावत. १९२८ साली अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या अडचणीवर उपाय म्हणून कार्बन, क्लोरीन आणि फ्लोरीन यांचं संयुग, म्हणजेच सीएफसी, निवडलं. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने तो गॅस स्वतःच्या छातीत भरून घेतला आणि हळूच फुंकून जळती मेणबत्ती विझवली. विषारीही नाही आणि ज्वालाग्राहीही नाही, हे एका श्वासात सिद्ध झालं. मी या शोधाला नावं ठेवणार नाही. घरातल्या विषारी गॅसपासून त्याने माणसांना खरोखर वाचवलं. मात्र तेव्हा तपासलं गेलं ते खोलीपुरतं. खोलीबाहेर पडल्यावर या गॅसचं पुढे काय होतं, हे विचारायला आणखी चार दशकं गेली.

त्या चार दशकांत सीएफसी सगळीकडे शिरले. फ्रिज आणि एसीत, केसांवर मारायच्या स्प्रेच्या डब्यात, गाद्यांच्या आणि भिंतींच्या फोममध्ये, इलेक्ट्रॉनिक सर्किट धुण्याच्या द्रवात, दम्याच्या पंपातही. काही गॅस गळतीने सुटत होता, स्प्रेतला तर मुद्दामच हवेत सोडला जात होता. वर्षाला लाखो टन.

जाता जाता या नावांमधल्या आकड्यांचं एक कोडं सांगतो, मला ते फार आवडतं. आकड्यात ९० मिळवायचे. १२ मध्ये ९० मिळवले की १०२. म्हणजे एक कार्बन, शून्य हायड्रोजन, दोन फ्लोरीन. कार्बनच्या चार जागांपैकी उरलेल्या दोन क्लोरीनच्या. ११ चे होतात १०१: एक कार्बन, शून्य हायड्रोजन, एक फ्लोरीन, म्हणून क्लोरीन तीन. पुढे एचएफसी-१३४ए हे नाव येईल, त्याचे होतात २२४: दोन कार्बन, दोन हायड्रोजन, चार फ्लोरीन. दोन कार्बन एकमेकांना धरून असल्यामुळे जागा सहाच, म्हणून तिथे क्लोरीनला जागाच उरत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता ओझोनकडे वळू. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनमध्ये तीन. स्थितांबरात सूर्याचे तीव्र अतिनील किरण ऑक्सिजनचा रेणू फोडतात. सुटलेला एकटा अणू दुसऱ्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो आणि ओझोन तयार होतो. हा ओझोन पुन्हा अतिनील किरण शोषून फुटतो, पुन्हा जुळतो. या फुटण्या-जुळण्यातच किरणांची ऊर्जा खर्ची पडते आणि आपल्याला संरक्षण मिळतं. ओझोनचा थर म्हणजे ताणून बसवलेलं छत नव्हे. तो एखाद्या हौदासारखा आहे: एकीकडून पाणी येत असतं, दुसरीकडून जात असतं, आणि दोन्ही सारखं असेपर्यंत पातळी कायम राहते.

आणि हा हौद किती उथळ आहे! तुमच्या डोक्यावरचा सगळा ओझोन गोळा करून समुद्रसपाटीच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला आणला, तर त्याची जाडी भरेल सरासरी ३ मिलिमीटर. ओझोन मोजायच्या एककात याला ३०० डॉबसन म्हणतात. त्या ३ मिलिमीटरमुळे अतिनील-ब किरणांचा मोठा भाग वरच अडतो. तो खाली येऊ लागला तर त्वचेचे कर्करोग आणि मोतीबिंदू वाढतात, पिकांना इजा होते, समुद्राच्या पृष्ठभागाजवळचे सूक्ष्मजीव मरतात, आणि समुद्रातली अन्नसाखळी त्यांच्यावरच उभी आहे. (शहरातल्या धुरक्यात तयार होणारा ओझोनही तोच पदार्थ, पण तो नाकाशी असल्यामुळे फुप्फुसांना घातक, आणि वर जाऊन तो थरात भरही घालत नाही.)

सीएफसीचा रेणू वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर पोचला की पहिल्यांदाच त्याला अशा किरणांशी सामना करावा लागतो, जे खाली येतच नाहीत. खाली ओझोन आणि ऑक्सिजन त्याचं या किरणांपासून रक्षण करत होते. वर ते कवच विरळ होतं, किरण थेट लागतात, आणि क्लोरीनचा एक अणू तुटून मोकळा होतो. तो अणू ओझोनमधला एक ऑक्सिजन ओढून घेतो. ओझोनचा झाला साधा ऑक्सिजन आणि क्लोरीनचा झाला क्लोरीन मोनॉक्साइड. या मोनॉक्साइडला ऑक्सिजनचा एखादा सुटा अणू भेटला की तो आपल्याकडचा ऑक्सिजन त्याला देऊन टाकतो, आणि क्लोरीन पुन्हा मोकळा. आला तसा, जराही न झिजता. लगेच पुढच्या ओझोनकडे. रसायनशास्त्रात अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात: काम घडवतो पण स्वतः संपत नाही. कुठेतरी अडकून स्थितांबरातून बाहेर पडेपर्यंत क्लोरीनचा एक अणू सुमारे एक लाख ओझोन रेणू संपवू शकतो. हवेत अब्जात काही मोजके भाग असलेला पदार्थ एवढं नुकसान कसं करतो, याचं उत्तर इथे आहे.

दुसरी नेहमीची शंका समुद्राची आणि ज्वालामुखींची. क्लोरीन तर मिठातही आहे आणि ज्वालामुखीच्या धुरातही, मग बिचाऱ्या फ्रिजला दोष का? कारण मीठ आणि हायड्रोक्लोरिक आम्ल दोन्ही पाण्यात विरघळतात. बहुतेक सगळं वर जायच्या आतच पावसाबरोबर खाली येतं. शिवाय एक सज्जड पुरावा आहे. उपग्रहांना स्थितांबरात हायड्रोजन फ्लोराइड सापडलं आणि सीएफसीबरोबर ते वाढतही गेलं. तिथे एवढं फ्लोरीन पोचवणारा कुठलाही नैसर्गिक स्रोत नाही. सीएफसीने आपली सही मागे ठेवली होती.

हे सगळं उलगडलं कसं, तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. जेम्स लव्हलॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हवेतले अत्यंत सूक्ष्म अंश टिपणारं उपकरण बनवलं होतं. १९७१-७२ मध्ये ते घेऊन त्याने इंग्लंडपासून अंटार्क्टिकापर्यंत बोटीने प्रवास केला. वस्तीपासून हजारो मैल दूर, भर समुद्रावरच्या हवेतही त्याला सीएफसी-११ मिळालं. त्याला स्वतःला त्यात धोका दिसला नाही. पण शेरवूड रोलँड या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या डोक्यात एक साधा प्रश्न घोळू लागला: हे सगळं जातं कुठे? आतापर्यंत बनवलेलं जवळजवळ सगळं अजून हवेतच असेल, तर त्याचा शेवट कुठेतरी होणारच. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन विद्यापीठात त्याच्याकडे नुकताच आलेला तरुण मेक्सिकन संशोधक मारिओ मोलिना या प्रश्नाच्या मागे लागला. काही महिन्यांत दोघांसमोर उत्तर होतं, आणि ते त्यांना इतकं भयंकर वाटलं की त्यांनी गणितं पुन्हा पुन्हा तपासली. जून १९७४ मध्ये त्यांचा निबंध ‘नेचर’मध्ये छापून आला.

उद्योगांनी त्याला कडाडून विरोध केला. हे नुसतं संगणकातलं गणित आहे, पुरावा कुठे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. रोलँड आणि मोलिना मात्र प्रयोगशाळेत बसून राहिले नाहीत. पत्रकारांना, लोकप्रतिनिधींना भेटून सांगत राहिले. तेव्हा शास्त्रज्ञांनी असं करणं अनेक सहकाऱ्यांनाही रुचत नसे. त्यांच्या सांगण्याला फळ आलं ते स्प्रेच्या बाबतीत: १९७८ मध्ये अमेरिकेने बहुतेक स्प्रेमधल्या सीएफसीवर बंदी घातली, स्वीडन, नॉर्वे, कॅनडा यांनीही तशीच पावलं उचलली. पुढे विषय थंडावला. फ्रिज आणि फोममधला वापर वाढतच राहिला.

मग मे १९८५ उजाडला. अंटार्क्टिकातल्या हॅली बे इथल्या ब्रिटिश तळावर १९५० च्या दशकापासून एक जुनाट वाटणारं, जमिनीवरून सूर्याकडे रोखायचं उपकरण नियमितपणे ओझोन मोजत होतं. जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जॉन शँक्लिन यांना दिसलं की दक्षिण ध्रुवावरच्या वसंतात, म्हणजे ऑक्टोबरात, ३०० डॉबसनच्या आसपास असणारा आकडा २०० च्याही खाली गेला आहे. आधी त्यांनी उपकरणावरच संशय घेतला, नवीन उपकरण मागवलं. आकडा तोच. नासाच्या उपग्रहानेही हे टिपलं होतं. मात्र इतके कमी आकडे चुकीचे असण्याची शक्यता धरून आज्ञावली त्यांच्यावर शंकेची खूण करत होती. उपग्रहाने माहिती फेकून दिली असं सर्रास सांगितलं जातं, ते बरोबर नाही. माहिती जपलेली होती, म्हणूनच ती पुन्हा तपासल्यावर अंटार्क्टिकाएवढं पसरलेलं ते खिंडार नकाशावर दिसू शकलं. त्याला आपण छिद्र म्हणतो, पण तिथे ओझोन शून्य होत नाही. २२० डॉबसनपेक्षा कमी झालेल्या भागाला हे नाव आहे.

रोलँड आणि मोलिना यांनी हळूहळू, बऱ्याच उंचीवर होणारी घट वर्तवली होती. एवढी अचानक, एवढी मोठी, तीही ध्रुवावर आणि फक्त वसंतात? सीएफसी तर प्रामुख्याने उत्तर गोलार्धात सुटत होते! सुझन सॉलोमन या तेव्हा तिशीतल्या शास्त्रज्ञेने आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९८६ मध्ये याचं उत्तर मांडलं आणि त्याच वर्षी ती स्वतः अंटार्क्टिकात मोजमापं घ्यायला गेली. उत्तर ढगांमध्ये होतं.

ते असं. एरवी स्थितांबरात बहुतेक क्लोरीन दोन निरुपद्रवी संयुगांत कोंडलेलं असतं, हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट. जणू कुलूपबंद. दक्षिण ध्रुवावर हिवाळाभर सूर्य उगवत नाही, आणि वाऱ्यांचा प्रचंड भोवरा तिथली हवा बाहेरच्या हवेपासून तोडून ठेवतो. तापमान उणे ७८ अंशांच्याही खाली जातं, आणि एरवी कोरड्या असणाऱ्या त्या उंचीवर बर्फाचे व नायट्रिक आम्लाचे ढग धरतात. या ढगांच्या कणांवर ती दोन संयुगं एकमेकांना भेटतात आणि कुलूप उघडतं: क्लोरीन गॅस बाहेर पडतो. क्लोरीनला पुन्हा कोंडू शकणारा नायट्रोजन मात्र कणांमध्येच अडकून बसतो. अंधारात तरीही काही होत नाही. सप्टेंबरात सूर्य क्षितिजावर येतो, पहिल्या कोवळ्या उन्हाने साठलेलं क्लोरीन फुटतं आणि काही आठवड्यांत खालच्या स्थितांबरातला जवळपास सगळा ओझोन खलास होतो. उत्तर ध्रुवावर डोंगररांगा आणि जमीन-समुद्राच्या फरकामुळे भोवरा एवढा स्थिर राहत नाही, थंडी एवढी कडक पडत नाही, म्हणून तिथे नुकसान कमी. तरी २०११ आणि २०२० च्या कडक हिवाळ्यांनंतर तिथेही मोठी घट झालीच.

१९८७ मध्ये चिलीतल्या पुंता अरेनासहून नासाचं एक विमान थेट त्या भोवऱ्यात शिरलं. जिथे क्लोरीन मोनॉक्साइडची रेषा वर चढत होती, नेमकी तिथेच ओझोनची रेषा खाली कोसळत होती. तो आलेख पाहिल्यावर वाद घालायला फारशी जागा उरली नाही. १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मोलिना, रोलँड आणि नायट्रोजन ऑक्साइडचा ओझोनवरचा परिणाम आधीच दाखवून देणारे पॉल क्रुट्झन यांना मिळालं.

पण विमान उडत होतं त्याच महिन्यात, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये करारावर सह्याही झाल्या. म्हणजे शेवटचा पुरावा छापून यायच्या आधीच देश एकत्र आले होते, आणि मला हे असामान्य वाटतं. पहिला करार बेताचाच होता: पाच सीएफसी आणि आग विझवण्याचे तीन हॅलॉन एवढेच पदार्थ, आणि शतक संपता संपता सीएफसीचं उत्पादन निम्मं करायचं. एवढ्याने ओझोन वाचला नसता. पण त्याच्या रचनेत तीन गोष्टी पक्क्या होत्या. दर काही वर्षांनी शास्त्रज्ञांनी आढावा घ्यायचा आणि त्यानुसार मुदती अलीकडे आणायच्या, तेही दर वेळी नवा करार न करता. करारात नसलेल्या देशांशी या पदार्थांचा व्यापार बंद, त्यामुळे बाहेर राहण्यात फायदा उरला नाही. आणि विकसनशील देशांना दहा वर्षांची जादा सवलत.

सवलत मात्र पुरेशी नव्हती. हे गॅस हवेत सोडले होते प्रामुख्याने श्रीमंत देशांनी, आणि पर्यायी तंत्रज्ञानाची मालकीही त्यांच्याच कंपन्यांकडे. मग खर्च आम्ही का सोसायचा, असं भारत आणि चीनने ठामपणे विचारलं. माझ्या मते हा प्रश्न शंभर टक्के रास्त होता. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत त्यासाठी बहुपक्षीय निधी उभारायचं ठरलं. चीन १९९१ मध्ये आणि भारत १९९२ मध्ये करारात आला. लंडनमध्येच ‘निम्मं’चं ‘पूर्ण बंद’ झालं. १९९२ च्या कोपनहेगन बैठकीत विकसित देशांची मुदत १९९६ वर आली. विकसनशील देशांसाठी २०१० ठरलं. २००९ पर्यंत जगातल्या प्रत्येक देशाने हा करार मान्य केला होता. संयुक्त राष्ट्रांच्या कुठल्याही कराराच्या बाबतीत असं त्याआधी घडलं नव्हतं.

उद्योगही बदलले, आणि भीती होती त्यापेक्षा सहज. स्प्रेमध्ये प्रोपेन-ब्यूटेन आले. सर्किट धुण्यासाठी संत्र्या-लिंबांच्या सालीतल्या तेलापासून केलेले द्रावक वापरून पाहिले गेले, आणि काही कारखान्यांनी तर सर्किट धुवावंच लागणार नाही अशी जोडणी शोधली. फ्रिजमध्ये आधी एचसीएफसी आले, ज्यांत हायड्रोजन असल्यामुळे ते बरेचसे खालच्या हवेतच मोडतात. मग आले एचएफसी. मघाचं कोडं आठवा: १३४ए मध्ये क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला धोका नाही.

उष्णतेच्या बाबतीत मात्र ते निर्दोष नव्हते. एचएफसी-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटीहून जास्त उष्णता अडवतो. २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली इथे देशांनी याच करारात दुरुस्ती करून एचएफसीही टप्प्याटप्प्याने ८० टक्क्यांहून अधिक कमी करायचं ठरवलं. नव्या फ्रिजच्या मागच्या पट्टीवर आज ‘आर-६००ए’ असं दिसलं, तर आत आयसोब्यूटेन आहे: ओझोनला निरुपद्रवी, तापमानवाढीतही नगण्य. इथे एक गल्लत दूर करायला हवी. ओझोनला खिंडार पडल्यामुळे पृथ्वी तापते असं नाही. ते दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे स्वतः सीएफसी. सीएफसी-१२ कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींच्या आसपास उष्णता अडवतो, त्यामुळे ओझोनसाठी केलेल्या कराराने तापमानवाढही मोठ्या प्रमाणात रोखली.

करार झाला नसता तर? नासाच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये संगणकावर तशी पृथ्वी उभी करून पाहिली. २०६५ पर्यंत जगातला दोनतृतीयांश ओझोन संपलेला होता, आणि मध्यम अक्षांशांवरच्या शहरांत भर दुपारच्या उन्हात पाच मिनिटांत त्वचा भाजेल अशी स्थिती होती.

करार पाळला जातो की नाही हे हवाच सांगते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या हवामान संस्थेतल्या स्टीफन माँट्झका आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं की सीएफसी-११ ची घट २०१२ नंतर मंदावली आहे, म्हणजे कुणीतरी वर्षाला हजारो टन गॅस नव्याने सोडत आहे. जगभर उत्पादन बंद असताना! दक्षिण कोरिया आणि जपानमधल्या केंद्रांच्या नोंदींवरून पुढच्याच वर्षी माग लागला तो पूर्व चीनमधल्या शानडोंग आणि हबेई प्रांतांच्या परिसरापर्यंत. तिथल्या फोमच्या उद्योगात हा गॅस चोरून वापरला जात असल्याचं दिसून आलं. चीनने कारवाई केली आणि २०१९ पर्यंत जगातलं उत्सर्जन पुन्हा २०१२ च्या आधीच्या पातळीच्या जवळ आलं.

करारानुसार शास्त्रज्ञांनी घेतलेल्या २०२२ च्या आढाव्यानुसार, धोरणं आहेत तशी राहिली तर जगाच्या बहुतेक भागात ओझोन २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल, उत्तर ध्रुवावर २०४५ च्या आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास. अधूनमधून एखाद्या वर्षी खिंडार मोठं झाल्याची बातमी येते. ध्रुवावरची थंडी दर वर्षी सारखी नसते, त्यामुळे एका वर्षाच्या आकाराने घाबरायचं किंवा हुरळायचं कारण नाही. बनवणं थांबलं तरी जुन्या इमारतींच्या फोममध्ये, जुन्या फ्रिज आणि एसींमध्ये सीएफसी अजून साठलेले आहेत. अशी वस्तू भंगारात फोडली जाते तेव्हा आतला गॅस आधी काढून घेऊन नष्ट केला नाही, तर तोही त्याच वाटेने वर जातो.